जवळचं अक्षर लांब धरावं लागतंय? आधी अंतर मोजा, मग चष्मा करा

चाळिशीच्या आसपास पुस्तक धरलेला हात नकळत लांब जाऊ लागतो. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं खिडकीपाशी नेली तर वाचता येतात, घरातल्या मंद दिव्याखाली येत नाहीत. बराच वेळ वाचून मान वर केली की समोरची भिंत दोन-तीन क्षण धूसर दिसते, मग स्वच्छ होते. दिवस कलताना कपाळ जड होतं. हा आजार नाही, वयाबरोबर प्रत्येकाच्या डोळ्यात होणारा बदल आहे. त्यावरचा उपाय मात्र बहुतेक जण घाईत उरकतात. ‘पंचेचाळीस वय, म्हणजे दीड नंबर’ असा हिशेब लावून तयार चष्मा उचलतात आणि पुस्तक दिसतं पण संगणक दिसत नाही म्हणून वैतागतात. तुम्ही किती अंतरावर काम करता आणि तुमच्या डोळ्यात ताकद किती उरली आहे, या दोन गोष्टींवर जवळचा नंबर ठरतो. या दोन्ही गोष्टी घरी मोजता येतात.

डोळ्यात नेमकं काय होतं

बाहुलीच्या मागे डोळ्याचं नैसर्गिक भिंग असतं. जवळचं पाहताना त्याभोवतीचा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगतं आणि त्याची शक्ती वाढते. या भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि त्याचा गाभा कडक होत जातो. स्नायू आपलं काम करत असतो, पण कडक झालेलं भिंग फुगत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने जवळचा नंबर जात नाही तो याच कारणाने: व्यायाम स्नायूला होईल, भिंगाला होणार नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हीही चुकीची समजूत. चष्मा लावा अगर लावू नका, भिंग आपल्या गतीने कडक होतच राहतं. न लावणाऱ्याच्या वाट्याला फक्त डोकेदुखी येते.

ही शक्ती आणि चष्म्याचा नंबर, दोन्ही डायॉप्टरमध्ये मोजतात. सूत्र एकच आहे: १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. ४० सेंमीवरचं वाचायला २.५० डायॉप्टर लागतात, ३३ सेंमीला ३, ५० सेंमीला २, एक मीटरला १. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात साधारण १२ ते १५ डायॉप्टरची ताकद असते. चाळिशीला ती ५ च्या आसपास येते, पन्नाशीला २ च्या आसपास, साठीला जेमतेम १ उरते.

चाळिशीला ५ आणि वाचायला लागतात २.५०, मग त्रास का व्हावा? कारण उरलेली सगळी ताकद लावून माणूस फार वेळ पाहू शकत नाही. निम्मी वापरायची आणि निम्मी राखून ठेवायची, तेव्हाच तासभर आरामात वाचता येतं. पाचाची निम्मी अडीच. म्हणजे चाळिशीला हिशेब काठावर येतो आणि पुढे प्रत्येक वर्षी थोडा-थोडा कमी पडतो.

मोजणी पहिली: तुमची अंतरं

दोन दिवस नेहमीसारखं काम करा आणि घरातल्या कुणाला तरी शिवणकामाच्या टेपने डोळ्यापासून वस्तूपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. स्वतः मोजायला गेलात की शरीर ताठ होतं आणि अंतर बदलतं. मोबाइल, पुस्तक, लॅपटॉप, मोठा संगणक, स्वयंपाकाचा ओटा, शिवणकाम किंवा दुरुस्तीचं टेबल, जे जे रोजचं आहे ते सगळं लिहून काढा. साधारणपणे मोबाइल ३० ते ४० सेंमीवर असतो, पुस्तक ४० च्या आसपास, लॅपटॉप ५० ते ५५, संगणकाचा मोठा पडदा ६० ते ७०. पण हे आकडे आपले म्हणून धरू नका. उंच माणसाचे हात लांब असतात. तो पुस्तक ५० सेंमीवर धरतो आणि त्याला ४० सेंमीसाठी केलेला चष्मा कधीच सोयीचा वाटत नाही.

अंतराबरोबर दिशाही लिहा. वस्तू नजरेच्या खाली असते, समोर, की डोक्याच्या वर? विजेची कामं करणारे, छताला रंग देणारे, गाडीखाली झोपून दुरुस्ती करणारे यांना जवळचं वर बघावं लागतं. बायफोकल (लांब-जवळ अशा दोन कप्प्यांच्या) किंवा प्रोग्रेसिव्ह (वरून खाली नंबर हळूहळू चढणाऱ्या) काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो, त्यामुळे त्यांना मान मागे टाकून काम करावं लागतं आणि महिन्याभरात मान धरते. त्यांना त्या कामापुरता एकाच नंबराचा वेगळा चष्मा हवा, किंवा वर आणि खाली दोन्हीकडे जवळचा नंबर असलेली काच करून घ्यावी.

मोजणी दुसरी: उरलेली ताकद

लांबचा नंबर असेल तर तो चष्मा डोळ्यावर ठेवूनच ही मोजणी करा. तो काढून मोजलेला आकडा उपयोगाचा नाही.

१. चांगल्या उजेडात बसा. प्रकाश मागून किंवा बाजूने कागदावर पडू द्या, डोळ्यावर नको.

२. वर्तमानपत्रातल्या मजकुराएवढी अक्षरं घ्या. मथळे चालणार नाहीत.

३. दोन्ही डोळे उघडे ठेवून कागद हातभर अंतरावर धरा आणि एका शब्दावर नजर ठेवून हळूहळू जवळ आणा.

४. अक्षराची कड जिथे पहिल्यांदा पुसट वाटेल तिथे थांबा. पूर्ण वाचता येईनासं होईपर्यंत जवळ आणू नका, तिथे आकडा फसवा येतो.

५. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. तीनदा करून सरासरी घ्या. मग एकेक डोळा झाकून पुन्हा करा.

समजा दोन्ही डोळ्यांनी ५० सेंमीवर अक्षर पुसट झालं. १०० भागिले ५० म्हणजे तुमच्याकडे २ डायॉप्टर आहेत. निम्मी, म्हणजे १, वापरायची. पुस्तक ४० सेंमीवर धरता, त्याला २.५० हवेत. अडीचातून एक वजा केला की उरले १.५०. हा तुमचा पुस्तकाचा नंबर. संगणक ६० सेंमीवर आहे, त्याला १.६७ लागतात, त्यातून १ गेला की ०.६७, म्हणजे जवळचा मिळणारा नंबर +०.७५. एकाच माणसाचे, एकाच दिवशी, दोन नंबर निघाले आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. पुस्तकाचा चष्मा संगणकाला का चालत नाही याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

हातभर अंतरावरही अक्षर स्वच्छ दिसत नसेल तर +१.०० चा तयार चष्मा लावून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १ वजा करा. चष्म्यासह ४० सेंमी आले तर २.५० वजा १, म्हणजे तुमचे स्वतःचे १.५०.

ही घरगुती मोजणी डोळ्यांच्या तपासणीची जागा घेत नाही. तिचा उपयोग दोन ठिकाणी आहे: तपासणीला जाताना आपली गरज नेमक्या शब्दांत सांगता येते, आणि सुचवलेला नंबर आपल्या कामाला बसतो का हे कळतं. एका डोळ्याचं अंतर ४० आणि दुसऱ्याचं ६० असा ठळक फरक निघाला तर तयार चष्म्याचा विचार सोडून द्या आणि थेट तपासणीला जा.

नंबर जास्त घेतला तर काय बिघडतं

‘थोडा जास्त घेऊ, पुढे उपयोगी पडेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जवळच्या चष्म्यातून स्वच्छ दिसण्याला पुढची हद्द असते. ती काढायला १०० ला चष्म्याच्या नंबराने भागा. +१.५० चा चष्मा असेल तर ६७ सेंमीपर्यंत स्पष्ट दिसतं, +२.५० असेल तर फक्त ४० सेंमीपर्यंत. त्यापलीकडचं सगळं धूसर, आणि ते कोणत्याही प्रयत्नाने स्वच्छ होत नाही.

वरच्याच उदाहरणातला २ डायॉप्टरवाला माणूस +१.५० लावून साधारण २९ ते ६७ सेंमी एवढा पट्टा पाहू शकतो. त्यालाच +२.५० दिला तर पट्टा २२ ते ४० सेंमीवर येतो. अक्षर मोठं आणि ठसठशीत दिसल्याने दुकानात हा चष्मा छान वाटतो. घरी आल्यावर माणूस पुस्तकावर वाकून बसू लागतो आणि मानदुखीसाठी उशी बदलत राहतो. दोन नंबरांत घोळ होत असेल तर नेहमी कमी असलेला घ्या.

तयार चष्मा कुणाला चालतो

तयार चष्म्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, त्यात सिलिंड्रिकल, म्हणजे तिरपेपणाचा, नंबर नसतो आणि काचांच्या केंद्रांमधलं अंतर एका सरासरी चेहऱ्यासाठी ठरवलेलं असतं. त्यामुळे चारही अटी पुऱ्या होत असतील तरच तो घ्या: लांबचं दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं, चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, दोन्ही डोळ्यांची ताकद सारखी आहे, तिरपेपणाचा नंबर नाही, आणि वापर थोडा-थोडा वेळ आहे, सलग चार-पाच तासांचा नाही.

केंद्रांच्या अंतराकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. काचेच्या केंद्रातून न पाहता बाजूने पाहिलं की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे समोरचं दृश्य एका बाजूला सरकवते. केंद्रापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला नंबराने गुणलं की प्रिझम किती ते मिळतं. +२.५० च्या चष्म्यात प्रत्येक काचेचं केंद्र तुमच्या बाहुलीपासून ३ मिलिमीटर बाहेर असेल तर ०.३ गुणिले २.५, म्हणजे दर डोळ्याला ०.७५ प्रिझम, दोन्ही मिळून दीड. वाचताना डोळे आधीच आत वळलेले असतात. हा प्रिझम त्यांना आणखी आत वळायला लावतो. अर्ध्या तासात ओळी एकमेकींवर सरकल्यासारख्या वाटू लागतात, डोळे ओढल्यासारखे होतात आणि माणूस म्हणतो, नंबर चुकला. नंबर बरोबर असतो, केंद्र चुकलेलं असतं. जवळ पाहताना बाहुल्यांमधलं अंतर लांब पाहतानापेक्षा ३-४ मिमी कमी होतं. लहान चेहऱ्याच्या माणसाने रुंद तयार चष्मा घेतला की हमखास हा त्रास होतो.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची किंवा फरशीची सरळ रेघ पाहा आणि चष्मा सावकाश हलवा. रेघ नागमोडी झाली तर काच ओबडधोबड ओतलेली आहे, ठेवून द्या. नंतर चष्मा लावून आपल्या अंतरावर अक्षर धरा, मग ते १० सेंमी जवळ आणि १० सेंमी लांब न्या. दोन्हीकडे वाचता आलं तर नंबर मधोमध बसला. फक्त जवळ वाचता येत असेल तर नंबर जास्त आहे.

घरात नंबर न लिहिलेला जुना चष्मा पडला असेल तर त्याचाही नंबर काढता येतो. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभे राहा. खिडकी किमान चार-पाच मीटर दूर हवी. काच भिंतीसमोर धरून मागे-पुढे करा. भिंतीवर खिडकीची उलटी, रेखीव प्रतिमा उमटेल तिथे थांबा आणि काच ते भिंत अंतर मोजा. १०० ला त्या अंतराने भागा: ४० सेंमी आले तर साधारण अडीच, ५० आले तर साधारण दोन. जवळच्या साध्या चष्म्यालाच हे लागू पडतं. सूर्याची प्रतिमा घेऊ नका, कागद पेटू शकतो.

कागदावरचा नंबर कसा वाचायचा

तपासणीच्या कागदावर स्फेरिकल (मूळ नंबर), सिलिंड्रिकल (तिरपेपणा) आणि ॲक्सिस (तिरपेपणाची दिशा) हे लांबच्या नंबराचे तीन रकाने असतात आणि ‘ॲड’ हा चौथा. ॲड म्हणजे जवळसाठी लांबच्या नंबरात मिळवायची भर. सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस जवळसाठीही तेच राहतात, फक्त स्फेरिकलमध्ये भर पडते. लांबचा +०.५० आणि ॲड +१.५० असेल तर वाचायचा नंबर +२.००. लांबचा –१.०० आणि ॲड +२.०० असेल तर वाचायचा +१.००. संगणकाच्या चष्म्यासाठी बहुतेकदा निम्मी ॲड मिळवली जाते, पण तुम्ही अंतर मोजलं असेल तर मोजलेल्या आकड्यावरूनच करून घ्या.

उणे नंबरवाल्यांना निसर्गाने थोडी सवलत दिली आहे. –२.५० असलेल्याने चष्मा काढला की ४० सेंमीवरचं अक्षर विनासायास दिसतं, त्याला वाचायचा वेगळा चष्मा नकोच. –१.०० वाल्याला चष्मा काढून एक मीटरवरचं दिसतं, त्यामुळे पुढे वाचायला थोडी भर लागते. –६.०० वाल्याला चष्मा काढून साधारण १७ सेंमीवरचंच दिसतं, त्याला ही सवलत लागू नाही. हेच लोक चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स वापरू लागले की जवळचा त्रास अचानक वाढतो, कारण उणे नंबर डोळ्याला चिकटून बसला की जवळ पाहायला जास्त ताकद लागते. लांबच्या अधिक नंबरवाल्यांचं उलट असतं. त्यांना जवळचा त्रास इतरांपेक्षा लवकर सुरू होतो, कधी पस्तिशीतच, आणि लांबचा नंबर बरोबर दिला की जवळचं बरंचसं आपोआप सुटतं.

वेगळे चष्मे, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह

एकाच जागी तासन्‌तास एकाच अंतरावर काम असेल तर त्या अंतराचा एकेरी चष्मा सर्वात उत्तम. संपूर्ण काच कामाला येते, मान मोकळी राहते. चष्मे बदलण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण संगणकावर दिवस घालवणाऱ्याला आमचा सल्ला हाच: बाहेरसाठी काहीही वापरा, टेबलाशी मात्र वेगळा चष्मा ठेवा. टेबलावरचा कागद आणि पडदा दोन्ही पाहायचे असतील तर खास कार्यालयीन प्रोग्रेसिव्ह काच मिळते. तिच्यात खाली कागद, मध्ये पडदा आणि वर एक-दोन मीटरपर्यंतचं दिसतं. ती घालून गाडी चालवायची नाही.

बायफोकलमध्ये दोनच अंतरं असतात. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ सालच्या एका पत्रात आपल्या दोन चष्म्यांच्या काचा अर्ध्या-अर्ध्या कापून एका फ्रेममध्ये बसवल्याचं लिहिलं होतं. आजची काच घडीव असली तरी कल्पना तीच. खालच्या कप्प्याची वरची कड साधारण खालच्या पापणीच्या कडेला येते. ती वर आली तर चालताना आडवी येते, खाली गेली तर वाचताना हनुवटी उचलावी लागते. वाचायचा भाग रुंद आणि स्वच्छ मिळतो, हा तिचा मोठा गुण. ॲड पावणेदोन-दोनच्या वर गेली की मधलं, म्हणजे हातभर अंतरावरचं, दोन्ही कप्प्यांतून धूसर दिसू लागतं.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचं, खाली जवळचं आणि दोहोंमध्ये हळूहळू चढत जाणारा अरुंद मार्ग असतो. या मार्गाच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्टे राहतातच. काच कितीही महाग असली तरी ते कमी-जास्त होतात, नाहीसे होत नाहीत. ॲड जितकी जास्त तितके पट्टे ठळक आणि मार्ग अरुंद. म्हणून ज्याला पुढे प्रोग्रेसिव्हच वापरायची आहे त्याने +१.०० किंवा +१.२५ असतानाच सुरुवात करावी. एकदम +२.५० वर पहिल्यांदा घालणाऱ्याला जुळवून घेणं खूप जड जातं.

या काचेचं यश मिलिमीटरवर अवलंबून असतं. फ्रेम निवडताना बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत निदान १८ मिमी जागा बघा. त्याहून कमी असेल तर त्यासाठी बनवलेली आखूड मार्गाची काच मागा, नाहीतर वाचायचा भाग कापताना निघून जातो. फ्रेम आधी नाकावर आणि कानावर नीट बसवून घ्यायची, मापं त्यानंतर. प्रत्येक बाहुलीचं नाकाच्या मध्यापासूनचं अंतर वेगळं घेतलं पाहिजे. चेहरा क्वचितच दोन्हीकडे सारखा असतो. उंचीही दोन्ही डोळ्यांची वेगळी.

चष्मा तयार होऊन आला की काचेवरच्या रंगीत खुणा लगेच पुसू देऊ नका. चष्मा घाला, समोरच्याला तुमच्या डोळ्याच्या पातळीवर बसायला सांगा आणि त्याच्याकडे सरळ बघा. काचेवरची फुली बाहुलीच्या मध्यावर यायला हवी. खुणा पुसल्या गेल्या असतील तरी काचेवर कोरलेली दोन बारीक वर्तुळं उजेडात तिरकी धरून दिसतात, ती एकमेकांपासून सहसा ३४ मिमीवर असतात. कानाकडच्या वर्तुळाखाली ॲडचा आकडाही कोरलेला असतो. तो कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

घालायची सवय अशी लावायची: बाजूचं पाहायला डोळे न फिरवता नाक तिकडे वळवा. वाचायला मान खाली घालू नका, नजर खाली करा. जिना उतरताना मात्र मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहा, कारण खालच्या भागातून पायरी धूसर आणि जवळ आल्यासारखी दिसते. वयस्क, पण बाहेर भरपूर फिरणाऱ्या माणसाने चालण्यासाठी लांबच्या नंबराचा साधा चष्माच वापरावा, पडण्याचा धोका कमी होतो. सकाळी उठल्यापासून घाला आणि जुना चष्मा कपाटात ठेवा. दोन्ही आलटून-पालटून घातले तर सवय लागतच नाही. आठवडा-दोन आठवडे जमीन हलल्यासारखी वाटेल. त्यानंतरही त्रास राहिला तर दोष काचेत किंवा बसवण्यात शोधा, स्वतःत नको.

तो शोधायची रीतही साधी आहे. लांबचं स्वच्छ पाहायला हनुवटी खाली करावी लागते? काच वर बसली आहे. नाकाच्या गाद्या किंचित फाकवल्या की फ्रेम खाली उतरते. वाचायला हनुवटी उचलावी लागते किंवा चष्मा बोटाने वर ढकलला की अक्षर उमटतं? काच खाली बसली आहे, गाद्या जवळ आणा. वाचताना पान एका बाजूला सरकवलं तरच स्वच्छ दिसतं? केंद्रांचं माप चुकलं आहे. हे वाकवून सुधारत नाही, काच नव्याने करावी लागते. सगळीकडे मार्ग अरुंद वाटतो? फ्रेम डोळ्यांपासून लांब असेल. ती १२ ते १४ मिमीवर आणि खालची कड गालाकडे थोडी कललेली हवी.

उजेड आणि पडदा

चष्म्याइतकाच फरक उजेडाने पडतो आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं; साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत, विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. छतावरचा दिवा मोठा करून हे भरून निघत नाही. वाकवता येणारा टेबलदिवा घ्या आणि जवळ आणा. अंतर निम्मं केलं की कागदावर प्रकाश चौपट पडतो. तेवढ्यासाठी दिवा बदलायचीही गरज नाही. दिव्याची टोपी डोळ्याच्या पातळीखाली असावी आणि दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. भरपूर प्रकाशात बाहुली आणखी आकसते आणि जवळ-लांबचा स्पष्ट पट्टाही वाढतो. खिडकीपाशी वाचता येतं ते यामुळेच.

मोबाइलवर अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि ठळक अक्षराचा पर्याय चालू ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं डोळ्यांना थंड वाटतात, पण तिथे बाहुली मोठी होते आणि कडा पसरतात. जवळचा नंबर असलेल्या अनेकांना पांढऱ्यावर काळं अक्षरच सोपं जातं. दोन्ही दहा-दहा मिनिटं वापरून ठरवा. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्याच्या पातळीला किंवा थोडी खाली हवी. प्रोग्रेसिव्ह असेल तर पडदा आणखी खाली घ्या, हनुवटी वर करायची वेळ येऊ नये. शिवणकामात काळ्या दोऱ्यामागे पांढरा कागद आणि पांढऱ्यामागे काळा धरला की नेढं लगेच दिसतं.

पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल तर नंबर बदलू नका, तो कोरडेपणा आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात. दर वीस मिनिटांनी सहा मीटरपलीकडे वीस सेकंद बघा, जाणीवपूर्वक पापण्या मिटा, पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका.

चष्म्याशिवायचे मार्ग

लांब-जवळ दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात, पण मंद प्रकाशात त्यांतलं दिसणं चष्म्याइतकं खणखणीत नसतं. दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा: प्रबळ डोळ्याला लांबचा नंबर, दुसऱ्याला जवळचा. दोन्हींतला फरक साधारण दीड डायॉप्टरपर्यंत बहुतेकांना पेलतो, पुढे खोलीचा अंदाज ढासळतो आणि रात्री गाडी चालवणं कठीण होतं. लेसरने हेच करून घ्यायचा विचार असेल तर आधी काही आठवडे कॉन्टॅक्ट लेन्सवर जगून पाहा. लेन्स काढून टाकता येते. बाहुली लहान करून काम करणारे थेंबही आहेत: १.२५ टक्के पिलोकार्पिनला अमेरिकेत २०२१ मध्ये आणि ॲसेक्लिडिनला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम काही तासांचा असतो, कपाळ दुखू शकतं, अंधारात कमी दिसतं आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो. दृष्टिपटलाची तपासणी झाल्याशिवाय ते कुणीही वापरू नयेत.

हे चाळिशीचं नाही, लगेच दाखवा

वयाचा बदल हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत सारखा येतो. अचानक आला, एकाच डोळ्यात आला, तर कारण वेगळं आहे. प्रत्येक डोळा वेगळा झाकून, वाचायचा चष्मा लावून, चौकटीच्या वहीचं पान ३० सेंमीवर धरा. सरळ रेघा वाकड्या किंवा तुटक दिसल्या तर दृष्टिपटलाच्या मध्यात बिघाड असू शकतो. प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव, बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, एकाएकी दोन-दोन दिसणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि डोळ्यात ठणका, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

वाचायचा नंबर आठवड्या-आठवड्याला बदलत असेल तर रक्तातली साखर तपासा. साखर चढ-उतार करत असताना केलेला चष्मा वाया जातो. ती काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढावा. साठीनंतर एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं की घरात आनंद होतो, पण तो बहुधा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा दाट होऊन डोळ्याला उणे नंबर आलेला असतो. काचबिंदू तर काही न दाखवता नजर खातो. म्हणून पहिला जवळचा चष्मा करताना नुसता नंबर न काढता डोळ्याचा दाब आणि दृष्टिमज्जातंतूही तपासून घ्या.

पुढे नंबर किती वाढतो

चाळीस ते साठ या वीस वर्षांत ॲड पाऊण-एकपासून अडीचच्या आसपास जाते आणि मग बहुतेक थांबते. या काळात दर दोन वर्षांनी तपासणी पुरते. मधुमेह असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी करा. चांगल्या प्रकाशात अडीचची भर देऊनही वर्तमानपत्राचं अक्षर उमटत नसेल तर नंबर वाढवत बसू नका, डोळ्यात दुसरं काही आहे का ते आधी पाहा.

नंबर वाढला म्हणून जुना चष्मा टाकूही नका. लांबचा नंबर बदललेला नसेल तर पुस्तकाला अपुरा पडू लागलेला +१.५० चा चष्मा ६० सेंमीवरच्या संगणकाला पुढची काही वर्षं नेमका बसतो, आणि संगणकाला अपुरा पडणारा +०.७५ एक मीटरभर दूरच्या कामांना, जसं फळ्यावरचे आराखडे किंवा फडताळातल्या पुस्तकांची नावं. काडीच्या आतल्या बाजूला नंबर आणि तारीख लिहून ठेवा. धुताना गरम पाणी वापरू नका, त्याने काचेवरच्या लेपाला तडे जातात. साध्या पाण्याच्या धारेखाली धूळ जाऊ द्या आणि मगच मऊ कापडाने पुसा.